इटालियन मायोलिकावरची चित्रं : प्रिंटची नक्कल की स्वतंत्र कला?

निळाईवेडी

सोळाव्या शतकात इटलीत मातीच्या ताटांवर अख्ख्या कथा रंगवल्या जात. भाजलेल्या मातीवर कथिलाचा दुधी पांढरा ग्लेझ, म्हणजे काचेसारखा थर (हीच मायोलिका), आणि त्यावर निळ्या, पिवळ्या, हिरव्या, नारिंगी रंगांत रोमन कवी ओविडच्या कथा, ट्रॉयचं युद्ध, बायबलमधले प्रसंग. ताटाच्या या काठापासून त्या काठापर्यंत एकच चित्र. या प्रकाराला ‘इस्तोरियातो’ म्हणतात. उर्बिनो, कास्तेल दुरान्ते, गुब्बिओ, पेझारो, फाएन्झा ही त्याची मुख्य गावं.

सध्या मी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि ब्रिटिश म्युझियमच्या ऑनलाइन नोंदी वाचते आहे. नोंद उघडली की हमखास एक वाक्य भेटतं : अमुक आकृती मार्कांतोनियो राइमोंदी या कोरणाऱ्याच्या प्रिंटवरून (म्हणजे तांब्यावर कोरून कागदावर छापलेल्या चित्रावरून), तमुक आकृती चित्रकार राफाएलच्या रेखाटनावरून कोरलेल्या प्रिंटवरून. ताटं रंगवणाऱ्यांच्या हाताशी हे छापील कागद असत आणि त्यांवरून ते आकृत्या उचलत.

म्हणून या कामाला ‘नकलेची कला’ म्हणून बाजूला सारणारे बरेच भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. फ्रांचेस्को क्सांतो आवेल्ली हा रोविगोचा माणूस, १५३०च्या सुमारास उर्बिनोत येऊन काम करू लागला. तो एका प्रिंटमधला सैनिक घ्यायचा, दुसऱ्यातली पाठमोरी बाई, तिसऱ्यातला नदीचा देव, आणि या तिघांना अशा कथेत आणून बसवायचा जिच्याशी मूळ प्रिंटांचा काही संबंध नसे. ताटाच्या मागे निळ्या अक्षरांत कथेचा सारांश, साल, स्वतःचं नाव. हा गृहस्थ कवीही होता, उर्बिनोच्या ड्यूकवर त्यानं सॉनेटं लिहिली आहेत. आपण काय करतो आहोत हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

तुम्हाला काय वाटतं? कुणी ही ताटं प्रत्यक्ष पाहिली असतील तर नक्की लिहा.

काकडआरती

पहिला नंबर माझा! विषय एकदम नवीन आहे. चहा घेऊन बसतो आणि सावकाश वाचतो.

तर्कटराव

ताई, लिहिलंय छान, पण मी विरुद्ध बाजूनं बोलणार.

चित्रात महत्त्वाचं काय असतं? मांडणी, शरीररचना, हावभाव. हे सगळं राफाएलचं. ते तांब्यावर कोरण्याचं कौशल्य मार्कांतोनियोचं. मग ताट रंगवणाऱ्याच्या वाट्याला उरतं काय? रंग भरणं. तेही चार-पाच रंगांत. कुशल कारागिरी म्हणा, मी हात जोडतो. स्वतंत्र कला म्हणायला मात्र माझी तयारी नाही.

आणि इतिहासही माझ्या बाजूनं आहे. नंतर कितीतरी काळ लोक या भांड्यांना ‘राफाएलची भांडी’ म्हणत आणि त्यानं स्वतः ती रंगवली असं खुशाल मानत. १६७८ साली माल्वासियानं बोलोन्याच्या चित्रकारांची चरित्रं छापली, त्यात तर राफाएलला ‘उर्बिनोचा भांडीवाला’ म्हणून टोला हाणला होता. ताटावर दिसत होता तो राफाएलच, म्हणून ना?

निळाईवेडी

राफाएल १५२० साली गेला. इस्तोरियातोचा उर्बिनोतला खरा बहर त्यानंतरचा. लोकांचा गैरसमज झाला यावरून रंगवणाऱ्याचं काम हलकं ठरत नाही, एवढंच म्हणते. बाकीचं कुंभारकाम करणाऱ्यांनी सांगावं. चाकावरचे दादा आहेत का इथे?

चाकावरचा_माणूस

आहे, आहे. मी कथिलाच्या ग्लेझवर काम करतो, त्यामुळे तर्कटरावांच्या ‘रंग भरणं’ या शब्दाशी माझं भांडण आहे.

आधी प्रक्रिया सांगतो. भांडं घडवून, वाळवून एकदा भाजायचं. मग शिसं आणि कथील यांची राख, वाळू आणि वाइनच्या गाळाची राख यांपासून केलेल्या पांढऱ्या ग्लेझच्या पाण्यात ते बुडवायचं. भाजलेली माती पाणी लगेच शोषून घेते आणि वर भुकटीचा थर राहतो. चित्र काढायचं ते या कच्च्या भुकटीवर. ब्रश टेकला की रंग आत ओढला जातो. खोडता येत नाही, पुसता येत नाही. पुसायला जाल तर ग्लेझच निघून येतो. हात थबकला की तिथे डाग.

शिवाय रंगवताना रंग खरे दिसत नाहीत. कोबाल्टचा निळा आणि तांब्याचा हिरवा भट्टीतून बाहेर आल्यावरच कळतात. अँटिमनीचा पिवळा, मँगनीजचा जांभळट तपकिरी, लोखंड मिसळून नारिंगी. लाल तर जवळपास नाहीच. तो भट्टीत टिकवणं महाकठीण. म्हणजे डोळ्यांसमोर एक रंग आणि मनात दुसरा, असं धरून पूर्ण चित्र रंगवायचं, तेही खोलगट, वाकत जाणाऱ्या पृष्ठभागावर. सपाट कागदावरचा सरळ उभा माणूस ताटाच्या उतारावर तसाच उतरवला तर त्याचे पाय लांबतात नाहीतर डोकं चेपतं. ते डोळ्यांनी सुधारत सुधारत जावं लागतं.

कास्तेल दुरान्तेच्या चिप्रियानो पिक्कोलपास्सोनं १५५७च्या आसपास या सगळ्या कामावर हस्तलिखित लिहिलं. ते आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहे. मेताउरो नदीच्या पुरानंतर बसलेला गाळ कसा गोळा करायचा इथपासून भट्टीपर्यंत सगळं त्यात आहे, चित्रांसकट. ब्रश कसले? बकरीच्या आणि गाढवाच्या केसांचे, आणि बारीक कामाला उंदराच्या मिशांचे.

प्रिंटवरून आकृती उतरवायची एक रीत म्हणजे बाह्यरेषेवर सुईनं टोचे मारायचे, कागद ताटावर ठेवायचा आणि वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची. आपल्या रांगोळीच्या छाप्यासारखं. पण त्यानं मिळतात फक्त ठिपके. त्यांच्यामधली रेष ज्याची त्यालाच मारावी लागते.

सहज_सुचलं

उंदराच्या मिशा!! हा धागा वाचनखूण म्हणून साठवला.

अक्षरजुळारी

मी मुद्राचित्रण शिकलो आहे, तर दुसऱ्या टोकानं लिहितो.

मार्कांतोनियोच्या प्रिंटमध्ये रंग नाही, सावलीही खऱ्या अर्थानं नाही. असतात त्या फक्त रेषा. जिथे गडद हवं तिथे एकमेकींना छेदणाऱ्या रेषांचं जाळं, जिथे उजळ हवं तिथे कोरा कागद. स्नायूच्या गोलाईप्रमाणे रेष वळते आणि त्या वळणातून शरीर उभं राहतं. ताटवाल्यानं ते जाळं जसंच्या तसं उतरवलं असतं तर भट्टीत निळ्या-करड्या रंगाचा चिखल झाला असता. म्हणून तो जाळं सोडून देतो. अंगाला पातळ नारिंगी, सावलीला निळसर किंवा हिरवट हात, आणि उजेडाच्या जागी पांढऱ्या रंगाचे बारीक फटकारे. आकाशाचे, डोंगरांचे, झाडांचे, कपड्यांचे रंग तर प्रिंटमध्ये नसतातच, ते पूर्ण त्याच्या डोक्यातून येतात. क्सांतोची ताटं बघा : काळसर झाडांची खोडं, भडक पिवळे-निळे कपडे, मागे क्षितिजावर सूर्यास्ताचा पिवळा पट्टा. दुरूनही ओळखू येतात.

आता नकलेबद्दल. ज्या मार्कांतोनियोला आपण ‘मूळ’ म्हणतो आहोत त्यानं जर्मन चित्रकार ड्यूररच्या लाकूडकोरीव चित्रांच्या नकला तांब्यावर कोरल्या, ड्यूररच्या आद्याक्षरांच्या खुणेसकट. चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वासारी लिहितो की ड्यूररनं व्हेनिसला जाऊन तक्रार केली, आणि निकाल एवढाच लागला की यापुढे ती खूण वापरायची नाही. चित्र उचलण्यावर बंदी नाहीच. त्या काळातला हिशोब असा होता.

आणि ‘पॅरिसचा न्याय’ ही राफाएलच्या रेखाटनावरून केलेली मार्कांतोनियोची प्रिंट घ्या. तिच्या उजव्या कोपऱ्यात बसलेली तीन माणसं फ्रेंच चित्रकार मानेनं १८६३च्या त्या गाजलेल्या चित्रात गवतावर बसवली. बसण्याची तऱ्हा हुबेहूब तीच. मानेला कुणी रंगारी म्हणत नाही.

काकडआरती

तर्कटराव, आता पाणी प्या आणि उत्तर द्या. 😄

तर्कटराव

देतो की. मानेचा मुद्दा चांगला आहे, पण तो एकदाच घेतो आणि त्यातून काहीतरी भलतंच घडवतो. इथे मात्र कारखाने होते. गिऱ्हाईक आलं, कथा सांगितली, कागदांच्या गठ्ठ्यातून आकृती काढली, ताट तयार. पुढे पुढे तर १५५३ साली ल्योंमध्ये छापलेल्या बेर्नार सालोमोंच्या बायबलच्या चित्रांवरून ताटंच्या ताटं निघाली, आख्खं चित्र उचलून. त्यांनाही क्सांतोच्या पंगतीला बसवायचं का?

निळाईवेडी

नाही बसवायचं. सगळी ताटं सारखी चांगली आहेत असं मी म्हटलेलंच नाही. उलट त्या फरकासाठीच हा धागा काढला. निकोला दा उर्बिनोकडे बघा. तो आकृत्या घेतो, पण १४९७ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ओविडच्या साध्या, काहीशा ओबडधोबड लाकूडकोरीव चित्रांतून. तिथली ठोकळेबाज माणसं त्याच्या ताटावर येतात तेव्हा अंगानं सडपातळ आणि चालीनं हलकी झालेली असतात, आणि मागे नितळ निळं आकाश. मूळ प्रिंट आणि ताट शेजारी ठेवलं की ताटच उजवं दिसतं. इथे ‘राफाएलच्या जिवावर’ हा युक्तिवाद चालत नाही.

सहज_सुचलं

एक बाळबोध प्रश्न. या ताटांत जेवत होते का? की नुसती भिंतीवर?

निळाईवेडी

बाळबोध अजिबात नाही, त्यावर अभ्यासक वाद घालतात. इझाबेल्ला देस्ते ही मांतुआची राणीसारखीच बाई. तिच्या लेकीनं, उर्बिनोच्या डचेस एलेओनोरानं, १५२४ साली तिला पत्र लिहून कळवलं की मातीच्या भांड्यांचा एक संच करवून पाठवते आहे, तुमच्या मांतुआजवळच्या पोर्तोच्या बंगल्यावर वापरायला बरा पडेल. हा संच निकोलानं रंगवलेला तोच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ताटांवर ओविडच्या कथा, मध्येच इझाबेल्लाचं कुलचिन्ह आणि कुठे कुठे संगीतातल्या विरामचिन्हांची तिची आवडती खूण. राजवाड्यात चांदी, बंगल्यावर ही. जेवणाच्या दालनात ‘क्रेदेन्झा’ म्हणजे मांडणीच्या फळ्यांवर ती रचून ठेवत आणि काही नक्कीच वापरतही असत.

तर्कटराव

बघा, राजवाड्यात चांदी!

चाकावरचा_माणूस

चांदी वितळवून पैसे झाले, म्हणून त्या काळची चांदीची ताटं आज फारशी उरलेली नाहीत. मातीला मोडीत किंमत नाही म्हणून ही उरली. रंगही जसेच्या तसे. त्याच काळातली तैलचित्रं काळवंडली, भित्तिचित्रं उडाली, पण कोबाल्टचा निळा भट्टीतून काढला त्या दिवशी होता तसाच आज आहे.

बोलोन्याकर

उशिरा आले धाग्यावर. मी बोलोन्यात राहते, फाएन्झा इथून रेल्वेनं जवळ आहे. तिथलं सिरॅमिक्सचं आंतरराष्ट्रीय संग्रहालय १९०८ साली गाएतानो बाल्लार्दीनी यांनी उभं केलं. १९४४च्या बॉम्बहल्ल्यात ते उद्ध्वस्त झालं आणि त्यांनीच ते पुन्हा उभं करायला घेतलं. मातीची भांडी आणि बॉम्ब, विचार करा.

फाएन्झात एक वेगळी गोष्ट कळते. राफाएलच्या प्रिंटा येण्याआधी इथले चित्रकार जर्मन प्रिंटांवर पोसले. शोनगाउअर, ड्यूरर. आल्प्सपलीकडची टोकदार घड्यांची वस्त्रं इटालियन निळ्या रंगात रंगलेली दिसतात. छापलेला कागद हलका आणि स्वस्त, व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून कुठेही जायचा. फाएन्झासारख्या गावातल्या कुंभाराला रोमला न जाता रोममधली चित्रं पाहायला मिळायची. हे मला फार मोठं वाटतं.

आणि एक विनंती : फोटोवर जाऊ नका. फोटोत ताट सपाट दिसतं. समोर उभं राहून थोडं वाकलं की खोलगट भागातली माणसं पुढे येतात आणि काठावरचे डोंगर मागे सरतात. चित्रकारानं आकार ओळखून मांडणी केली आहे हे तेव्हा कळतं. गुब्बिओची भांडी असतील तर डोकं हलवून बघा. माएस्त्रो जोर्जो आंद्रेओलीचा माणकासारखा लाल आणि सोनेरी लस्टर (धातूसारखी झळाळी) एका कोनात दिसतच नाही आणि दुसऱ्या कोनात पेटतो.

चाकावरचा_माणूस

तो लस्टर तिसऱ्या भट्टीतला. चांदी आणि तांब्याची संयुगं तयार चित्रावर लावायची, कमी आचेवर आणि धुरात, हवा कोंडून भाजायचं. पिक्कोलपास्सो म्हणतो की शंभरातली जेमतेम सहा भांडी चांगली निघतात. इतर गावांतून रंगवून झालेली ताटं फक्त लस्टर चढवायला गुब्बिओला जात. क्सांतोची काही ताटंही गेली आहेत.

अक्षरजुळारी

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १५२४ साली मार्कांतोनियोला पोपनं तुरुंगात टाकलं. कारण, जुलिओ रोमानोच्या रेखाटनांवरून त्यानं प्रणयाच्या सोळा आसनांची प्रिंटमालिका कोरली. प्रती शोधून शोधून नष्ट केल्या, मूळ छापाचे आज तुकडेच उरले आहेत. पण क्सांतोकडे त्या आकृत्या होत्या! त्यानं जोड्या सोडवल्या, एकेक माणूस वेगळा काढला, अंगावर कपडे चढवले किंवा हात-पाय बदलले आणि त्यांना पौराणिक कथांत आणि राजकीय रूपकांत नेऊन ठेवलं. १५२७ साली रोम लुटलं गेलं, त्या रोमच्या दैन्यावर तो पुन्हा पुन्हा ताटं रंगवतो आणि रोमच्या पापांचं चित्र काढताना याच बदनाम आकृत्या वापरतो. ज्याला मूळ प्रिंट माहीत असेल त्याला अर्थ बरोबर लागायचा. तर्कटराव, हे नुसतं रंग भरणं आहे का?

काकडआरती

आता धागा पानभर वर येणार! 😂 पण खरंच, बंदी घातलेलं चित्र ताटावर कपडे घालून परत आलं, हे जबरदस्त आहे.

पितळीडबा

विषयाला धरूनच प्रश्न. परदेशात एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून असंच ताट घेतलं. मागे १५३३ साल निळ्या रंगात. विकणारा ‘अस्सल’ म्हणाला, किंमतही बरीच घेतली. आता शंका येते आहे. घरी ओळखायची काही खूण?

निळाईवेडी

साल लिहिलेलं आहे एवढ्यावर विसंबू नका. एकोणिसाव्या शतकात या भांड्यांची मागणी प्रचंड वाढली आणि इटलीत उत्तम पुनर्निर्मिती होऊ लागली. फ्लॉरेन्सजवळच्या दोच्च्यातला जिनोरींचा कारखाना, फ्लॉरेन्समधला कांतागाल्ली, पेझारोचा मोलारोनी. कांतागाल्लीची खूण कोंबडा आहे, मागे असेल तर शोधा. ही भांडी तशी प्रामाणिक होती, लबाडी केली ती पुढे विकणाऱ्यांनी.

चाकावरचा_माणूस

भर घालतो. काठ बघा : मऊ माती असल्यानं जुन्या ताटाच्या काठावर ग्लेझ टवका उडून आतली पिवळट माती दिसते आणि त्या टवक्यांच्या कडा झिजलेल्या असतात. मुद्दाम उडवलेले टवके धारदार राहतात. भट्टीत टेकण दिलेल्या ठिकाणी बारीक व्रण असतात. पण खरी खात्री थर्मोल्युमिनेसन्स चाचणीनंच. माती शेवटची कधी भाजली याचा त्यातून अंदाज मिळतो. आणि काही झालं तरी त्यात आंबट काही वाढू नका, ग्लेझमध्ये शिसं असतं.

पितळीडबा

मागे कोंबडा आहे. 😐

बोलोन्याकर

अहो, मग छानच आहे! कांतागाल्लीची भांडी आता स्वतःच्या नावानं जमवतात लोक. १५३३ची किंमत दिली असेल तर मात्र विकणाऱ्याशी बोला.

मांडवीकाठ

पणजीहून. आमच्याकडे मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारातच निळ्या-पांढऱ्या फरशांवर पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग आहेत, जॉर्ज कोलासोनं १९३५ साली केलेले. कितीतरी वेळा त्यांच्यासमोर उभा राहिलो आहे. हा धागा वाचताना लक्षात आलं की तंत्र हेच. कथिलाचा पांढरा ग्लेझ, त्यावर रंग, आणि कथा. याचा इटलीशी धागा जुळतो का?

बोलोन्याकर

जुळतो, आणि चांगला घट्ट जुळतो. फ्रांचेस्को निकुलोसो नावाचा इटालियन कुंभार स्पेनमधल्या सेव्हिलला जाऊन स्थायिक झाला. इटालियन पद्धतीनं फरशांवर सलग चित्र रंगवायला त्यानं तिथे सुरुवात केली. अल्काझार राजवाड्यातली त्याची वेदी १५०४ची आहे, आणि तोही प्रिंटांवरूनच काम करायचा. तिथून ही रीत पोर्तुगालमध्ये रुजली आणि पोर्तुगालमधून तुमच्या पणजीत. दुसऱ्या बाजूनं कास्तेल दुरान्तेचा एक कुंभार अँटवर्पला गेला, गीदो आंद्रिएस. डेल्फ्टच्या निळ्या भांड्यांची वाट तिथून सुरू होते.

अक्षरजुळारी

मुंबईचंही एक नातं सांगतो, थेट इटलीचं नाही पण याच जातीचं. जॉन ग्रिफिथ्सनं १८७२पासून जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करवून घेतल्या. त्याच सुमारास जॉर्ज टेरीच्या देखरेखीखाली शाळेत भांड्यांची कार्यशाळा चालत होती. अजिंठ्याच्या आकृत्या आणि नक्षी तिथल्या सुरया-फुलदाण्यांवर आल्या. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात ही भांडी बघायला मिळतात. भिंतीवरची आकृती कागदावर, कागदावरची मातीवर. विद्यार्थ्यांनी त्या आकृत्या फुलदाणीच्या पोटावर कशा वळवल्या ते जरूर बघा.

सहज_सुचलं

भाऊ दाजी लाडला जाऊनही ती भांडी नीट पाहिली नव्हती. या रविवारी जाते.

तर्कटराव

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण ताईंनी तो विचारून दोन दिवस झाले आणि आपण पणजी-भायखळा करून आलो.

माझं मत असं : श्रेयाची वाटणी व्हायला हवी. आकृतीचं श्रेय राफाएलला आणि कोरणाऱ्याला, यावर मी ठाम आहे, आणि संग्रहालयांनी ते पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहावं. कारखान्यातून आख्खं चित्र उचलून निघालेल्या ताटांना मी अजूनही कारागिरीच म्हणेन. पण क्सांतोनं बंदी घातलेल्या आकृत्या घेऊन रोमबद्दल जे म्हटलं, ते मार्कांतोनियोनं म्हटलेलं नाही, राफाएलनंही नाही. ते त्याचं. तिथे मी त्याला कलावंत म्हणतो आणि माझी मर्यादा तिथेच आखतो.

निळाईवेडी

मी ती रेघ थोडी अलीकडे आखेन. निकोलाचं निळं आकाशही माझ्या मते त्याच्याच बाजूला येतं, त्यात काही विधान नसलं तरी. कच्च्या भुकटीवर, न खोडता, असं आकाश उतरवणं हे मला पुरेसं आहे. पण संग्रहालयाच्या पाटीबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. खरं तर प्रिंटच ताटाशेजारी लावावी.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये काफाज्जोलो इथे घडलेलं, १५१०च्या आसपासचं एक ताट आहे. त्यात ताट रंगवणारा चित्रकार बसला आहे, हातात ताट, आजूबाजूला रंगांच्या वाट्या, आणि समोर एक उंची कपड्यांतलं जोडपं त्याचं काम बघत बसलं आहे. गिऱ्हाईक स्वतः येऊन बघत बसतं, आणि तोच प्रसंग कुणीतरी ताटावर रंगवतं. या लोकांना आपल्या कामाची किंमत माहीत होती असं मला त्यावरून वाटतं.

बोलोन्याकर

ते ताट मीही पाहिलं आहे, चित्रकाराचा ब्रश धरलेला हात खास बघा. पुढच्या महिन्यात पेझारो आणि उर्बानियाला जाते आहे. उर्बानिया म्हणजेच जुनं कास्तेल दुरान्ते, १६३६ साली पोपच्या नावावरून नाव बदललं. फोटो काढायला परवानगी मिळाली तर इथेच टाकते. कुणाला अमुकच काही बघून हवं असेल तर आत्ता सांगा.

चाकावरचा_माणूस

ताटांच्या पाठीचे फोटो! सगळे पुढचेच काढतात. टेकणाचे व्रण, ग्लेझ कुठपर्यंत ओघळला आहे, पाय कसा छाटला आहे, हे सगळं पाठीवर असतं. शक्य तेवढे काढा.

अक्षरजुळारी

आणि टोचे मारलेले कागद कुठे मांडलेले दिसले तर त्यांचे, जवळून.